लग्नाची तसबीर आणि ती काढणारा

आपल्या समाजात एखाद्या घरी लग्न ठरले की पहिली बोलणी उलामची होतात, दुसरी जेवणाची, आणि मग केव्हा तरी छायाचित्रकाराचा विषय निघतो. तोही बहुधा दरावरच संपतो. 'किती घेतो?' आणि 'किती फोटो देतो?' या दोन प्रश्नांपलीकडे आम्ही सहसा जात नाही. वस्तुतः विवाहविधीला हजर असणाऱ्यांत हज्जान आणि दोघे साक्षीदार यांच्या खालोखाल जबाबदारीचे काम कोणाचे असेल तर ते याच माणसाचे होय. केथुबा एकच असते आणि ती कपाटात कुलपाआड जाते. तसबिरी मात्र घरोघर जातात, आणि पन्नास वर्षांनी एखाद्या कुटुंबाला आपले म्हणून जे काही नातवंडांपुढे ठेवता येते, ते बव्हंशी या तसबिरींतच असते. म्हणून हा माणूस आमच्या लग्नात केव्हा शिरला, त्याने काय टिपले आणि काय त्याच्या हातून निसटले, हे थोडे विस्ताराने पाहणे अगत्याचे वाटते.

मुंबईत छायाचित्रणाला संघटित रूप आले ते १८५४ साली. त्या वर्षी मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या कलेचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी यांना या कलेचे मोठे आकर्षण होते. हरिचंद चिंतामण यांनी तर तिचा व्यवसायच केला. त्याच सुमारास विल्यम जॉन्सन नावाचा, मुंबईत सरकारी नोकरीत असलेला इंग्रज गृहस्थ पश्चिम हिंदुस्थानातील जातिजमातींच्या तसबिरी काढीत होता. त्याचा मुंबईच्या रहिवाशांवरील ग्रंथ १८६३ व १८६६ साली दोन खंडांत निघाला. या जॉन्सनने बेने-इस्राएलांनाही कॅमेऱ्यापुढे उभे केले होते. आपल्या समाजाच्या अतिशय जुन्या तसबिरींत तिची गणना करावी लागेल.

या चित्रांची दोन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. एक असे की, जॉन्सनच्या ग्रंथातील अनेक चित्रांत माणसे एका काचेवरची आणि त्यांच्यामागचा देखावा दुसऱ्या काचेवरचा असून, दोहोंची सांगड अंधाऱ्या खोलीत घातलेली आहे. माणूस खरा, पण तो जिथे उभा दिसतो ती जागा त्याची नव्हे! दुसरे असे की, अशा चित्रांखाली जमातीचे नाव छापीत. समोर उभ्या असलेल्या माणसाचे नाव छापण्याची रीत नव्हती. साहेबाला जमात पाहायची होती, अमक्या बाबांना किंवा तमक्या बाईंना नव्हे. ते एक वेळ समजण्यासारखे आहे. पण पुढे आम्ही स्वतः पैसे मोजून काढविलेल्या लग्नाच्या तसबिरींवरही नावे लिहिली नाहीत, याला काय म्हणावे?

त्या काळी प्रत्यक्ष विधीची तसबीर निघणे जवळजवळ अशक्यच होते. काचेवर ओले रसायन पसरून ते वाळण्यापूर्वी चित्र घ्यावे व धुवावे लागे. म्हणजे छायाचित्रकाराबरोबर बाटल्या, पाणी आणि अंधारा तंबू हा सारा संसार आलाच. त्यात काही क्षण तरी कोणी हलता कामा नये. १७९६ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या शाआर हाराहामीमध्ये, जिला आपले वडीलधारे 'जुनी मशीद' म्हणत, किंवा अलिबाग-पनवेलकडील एखाद्या सिनेगॉगमध्ये, तेलाच्या दिव्यांच्या उजेडात टेबापाशी उभ्या असलेल्या वराची तसबीर काढणार कशी? १८७०च्या दशकानंतर कोरड्या काचा आल्या तेव्हा सामान हलके झाले, आणि १८८७ साली मॅग्नेशियमच्या भुकटीचा भपका उडवून उजेड करण्याची युक्ती निघाली. पण तो भपका म्हणजे धूर, ठिणग्या आणि आवाज. बेराखा चालू असता असला प्रकार कोणता मुकादम खपवून घेईल?

तेव्हा लग्नाची तसबीर म्हणजे लग्नानंतर सवडीने स्टुडिओत जाऊन काढलेली तसबीर. मागे रंगविलेला पडदा, त्यावर खांब किंवा बाग, पुढे कोरीव खुर्ची, बाजूला तिपाईवर फुलदाणी. जॉन्सनच्या चित्रांप्रमाणेच माणसे खरी आणि जागा परकी. वधूची पांढरी साडी त्या काचेवर छान उठे. मेंदीची मात्र दैना होई, कारण त्या काळच्या काचांना तांबडा रंग दिसतच नसे. तळहाताचा सुरेख लाल रंग तसबिरीत काळाकुट्ट उमटे. ज्याला ठाऊक नसेल त्याला वाटावे की नवरीने कोळशाला हात लावला आहे.

विसाव्या शतकात दोन सुधारणांनी हे चित्र पालटले. १९२९-३०च्या सुमारास काचेच्या फुग्यात बंद केलेला, धूर न करणारा झगमगाट आला, आणि पुढे रोलफिल्मचा कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणारा छायाचित्रकार सिनेगॉगच्या दारात दिसू लागला. आमच्यापैकी ज्यांची लग्ने मुंबई, पुणे, ठाणे, अहमदाबाद येथे १९५०-६०च्या दशकांत झाली, त्यांच्या तसबिरी चौकोनी आहेत त्या याच कॅमेऱ्यामुळे. एका रोलमध्ये बारा तसबिरी. परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध असल्यामुळे फिल्म महाग आणि दुर्मिळ. मध्यमवर्गीय कारकुनाच्या किंवा रेल्वेतल्या नोकरदाराच्या घरी एक रोल ठरे, फार तर दोन. म्हणजे साऱ्या लग्नाच्या बारा, नाही तर चोवीस तसबिरी!

बारा ही संख्या मोठी मासलेवाईक आहे. मेंदीच्या रात्रीपासून जेवणावळीपर्यंतच्या सोहळ्यातून बाराच क्षण निवडायचे, तर निवडणाऱ्याला कोणता क्षण मोलाचा हे कळले पाहिजे. आणि अडचण नेमकी इथेच होती. आपला समाज लहान. छायाचित्रकार बहुधा हिंदू, पारशी किंवा मुसलमान असे. माणूस आपल्या कामात वाकबगार, साडीचा काठ कसा पडावा, दागिना कुठे दिसावा, वरमाईला कुठे बसवावे हे त्याला बिनचूक ठाऊक. शेरा बांधलेला वर दारात आला की त्याचा हात आपोआप कळीवर जाई. पण पुढे? त्याच्या डोक्यात अंतरपाट, मंगलाष्टके, सप्तपदी असा क्रम पक्का बसलेला. आमच्याकडे वर टेबापाशी उभा राहून 'योनाथी' गात वधूला सामोरा जातो, मग द्राक्षरसाचा प्याला, अंगठी, केथुबाचे वाचन, साक्षीदारांच्या सह्या, साती बेराखा आणि प्याला फोडणे. यांत मुख्य काय आणि आनुषंगिक काय, हे कोणी सांगितल्यावाचून त्याला कळणार नाही. तो कसल्या तरी मोठ्या क्षणाची वाट पाहत फिल्म राखून ठेवी, आणि अंगठी बोटात जाऊन चुके. मग हज्जानला विनंती करून 'जरा पुन्हा धरा' असे सांगण्याची पाळी येई. ही तक्रार म्हणून आम्ही सांगत नाही. त्याला आधी घरी बोलावून चहा देऊन अर्धा तास क्रम समजावून सांगणारे वधुपिते ज्या घरांत होते, त्या घरांतील बारा तसबिरी आजही पाहाव्या. त्यांतून सगळे लग्न वाचता येते.

१९४८ नंतर आपली कुटुंबे या देशात येऊ लागली. सामानाचे वजन मोजके, पेट्या मोजक्या. पितळेची भांडी मागे राहिली, तसबिरी आल्या. आणि मग असा काळ आला की लग्न हीच गोष्ट आमच्यासाठी वादाचा विषय झाली. ऑक्टोबर १९६१मध्ये येथील मुख्य रब्बींच्या मंडळाने बेने-इस्राएलांशी विवाहास मनाई करण्यास आधार नाही असे म्हटले खरे. परंतु फेब्रुवारी १९६२मध्ये विवाह-नोंदणी करणाऱ्या रब्बींना ज्या सूचना गेल्या, त्यांत बेने-इस्राएल वधू किंवा वराची आई, आजी आणि त्यांच्याही मागच्या पिढ्यांची शक्य तितकी चौकशी करण्यास सांगितले होते. यावर समाजाने जो लढा दिला तो वाचकांना ज्ञात आहे. यरुशलेममध्ये निदर्शने व धरणे झाली, ऑगस्ट १९६४मध्ये क्नेसेतने खास बैठकीत हा प्रश्न घेतला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सूचनांतून आपल्या समाजाचे नाव वगळण्यात आले.

या लढ्याचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे आम्हांस त्यातील एकाच मुद्द्याकडे लक्ष वेधावयाचे आहे. चौकशी होती ती आईची आणि आजीची. आणि आमची कागदपत्रे काय सांगत होती? केथुबामध्ये वर अमक्याचा पुत्र आणि वधू अमक्याची कन्या असे लिहितात. हा अमका म्हणजे बाप. आईचे नाव तेथे येत नाही. कोकणच्या रीतीप्रमाणे लग्नानंतर मुलगी सासरच्या नावाने ओळखली जाऊ लागली की तिचे माहेरचे आडनाव दोन पिढ्यांत पुसले जाते. पेणकर, दिवेकर, किहीमकर ही नावे पुरुषांच्या मागून चालत आली. बाईच्या मागून काय चालत आले? तिच्या आईचा चेहरा, तिच्या आजीचा चेहरा, आणि त्या दोघी एका लग्नात एका बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या असल्याचा पुरावा. तो कुठे असेल तर लग्नाच्या तसबिरीत. धर्मशास्त्राच्या दृष्टीने तसबीर ही साक्ष नव्हे, साक्ष दोन माणसांचीच. पण साक्ष द्यायला माणसे आठवावी लागतात, आणि ती आठवून देणारी वस्तू कोणती हे ज्याने घरी अल्बम उघडून म्हाताऱ्या माणसाला विचारून पाहिले आहे त्याला निराळे सांगायला नको.

असे असता जुन्या बारा तसबिरींत बायका किती दिसतात? वधू दिसते, वरमाई दिसते. मेंदीच्या रात्री गाणी म्हणणाऱ्या, वधूच्या हातावर मेंदी लावणाऱ्या, मलिद्याची ताटे भरणाऱ्या मावश्या, आत्या, मामी या बहुतेक कुठेच नाहीत, कारण मेंदीला छायाचित्रकार बोलवायचा म्हणजे आणखी एक रोल. आमच्या मते या काटकसरीइतकी महाग काटकसर दुसरी झाली नसेल.

आता आपल्या येथील परिस्थितीकडे वळू. बेरशेवा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला, किर्यात गात येथे आपल्या मुलांची लग्ने होऊ लागली तेव्हा छायाचित्रकाराची अडचण अगदी उलट झाली. येथील त्सालामला हुप्पा पाठ असतो. प्याला केव्हा फुटणार, अंगठी कोणत्या बोटात जाणार, साक्षीदार कुठे उभे राहणार हे तो डोळे मिटून सांगेल. त्याला कळत नाही ते आमचे बाकीचे सारे. 'हेना' म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे मोरोक्कन पोशाख, ढोल आणि मिठायांची ताटे येतात. तो त्याच थाटाचे फोटो काढू पाहतो. हिरवा चुडा कशासाठी, वराला शेरा का, पांढरी साडी नेसलेली आजी मध्यभागी का हवी, मलिद्याच्या ताटापुढे सगळे एकाएकी गंभीर होऊन एलियाहू हन्नाबीचे नाव का घेतात, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मुंबईच्या छायाचित्रकाराला आमची साडी कळत होती, केथुबा कळत नव्हती. येथल्याला केथुबा कळते, साडी कळत नाही. दोघांनाही आमचे अर्धेच लग्न दिसले. उरलेले अर्धे त्यांना दाखविणे हे काम तेव्हाही घरच्यांचे होते आणि आजही आहे.

मध्यंतरी तंत्र बदलत गेले त्याचाही परिणाम झाला. १९७०च्या दशकात रंगीत तसबिरी सर्वत्र आल्या. त्यांचे कौतुक फार झाले. पण त्या काळच्या रंगीत कागदातील निळसर रंग आधी उडतो, त्यामुळे ती लग्ने आता तांबूस झाली आहेत, तर त्यांच्या आधीच्या पिढीची काळी-पांढरी लग्ने अजून स्वच्छ आहेत. त्यात भर पडली चिकट पानांच्या अल्बमची. त्या पानांचा डिंक कागदात मुरतो आणि तसबीर ओढून काढू गेल्यास फाटते. मग व्हिडिओच्या फिती आल्या. त्या पाहायला यंत्र उरले नाही आणि फितीही झिजल्या. ज्यांच्याकडे अशा फिती असतील त्यांनी त्या लवकर नव्या साधनावर उतरवून घ्याव्यात.

आणि आज? आज बारांचे बाराशे झाले आहेत. लग्नाआधी जोडप्याला समुद्रकिनारी नेऊन दोन तास फोटो काढतात, तोवर पाहुणे उलामात वाट पाहत बसलेले. जाताना प्रत्येकाच्या हातात शीतकपाटाला चिकटवायचे मॅग्नेट. हे सर्व गमतीचे आहे, त्याला आमचा विरोध नाही. मॅग्नेटमुळे निदान दूरच्या काकूंचा एक तरी फोटो तिच्या स्वयंपाकघरात लागतो! परंतु या बाराशेंत नवरा-नवरीचे आठशे आणि आजीचे दोन असतील, तर बारांच्या रोलने काही वाईट केले नव्हते असेच म्हणावे लागेल. रंगविलेला पडदा गेला आणि त्याच्या जागी समुद्र आला, इतकेच.

तेव्हा छायाचित्रकार निवडताना काय पाहावे? दर पाहावाच, त्यात लाज नाही. पण त्याने निवडून दाखविलेली पंचवीस सुंदर चित्रे पाहून भुलू नये. एखाद्या एकाच लग्नाचा संपूर्ण अल्बम, पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत, मागून घ्यावा. त्यात वृद्ध माणसे आहेत का, अंधाऱ्या उलामातील चेहरे ओळखू येतात का, सावळ्या चेहऱ्यावर त्याने प्रकाश नीट टाकला आहे की सगळ्यांना पिठात बुडविल्यासारखे पांढरे केले आहे, हे पाहावे. हा शेवटचा मुद्दा आपल्या समाजाला विशेष लागू आहे. ज्याच्याशी बोलणी झाली तोच माणूस त्या दिवशी येणार, की तो दुसऱ्याच कोणाला पाठवणार, हे कागदावर घ्यावे.

नंतर त्याला प्रश्न विचारावयाचे नाहीत, तर त्याने काय विचारले ते पाहावे. 'तुमची मेंदी कशी असते?', 'घरातील सर्वांत वडील कोण?', 'विधी चालविणारे रब्बी कॅमेरा किती जवळ येऊ देतात?' असे जो आपण होऊन विचारतो, त्याला दोन पैसे अधिक द्यावे. जो 'मी शेकडो हुप्पे केले आहेत, काळजी नको' एवढेच म्हणतो, तो चांगला कारागीर असू शकेल. पण आमचे लग्न त्याला शेकडोंपैकी एकासारखेच दिसणार. हुप्प्याखाली साक्षीदारांच्या सह्यांचा एक स्पष्ट फोटो सांगून ठेवावा. आईकडच्या चार पिढ्या हयात असतील तर त्यांचा एकत्र फोटो जेवणाआधी घ्यावा. जेवणानंतर म्हाताऱ्या बायका घरी जातात. आणि मेंदीला त्याला बोलवावेच. खर्च आवरायचा असेल तर समुद्रकिनाऱ्यावरचा आवरावा. घरातील एखाद्या मावशीला किंवा मोठ्या भावाला दिवसभर त्याच्याजवळ उभे राहण्याचे काम नेमून द्यावे. त्या मुंबईच्या वधुपित्यांचा चहा आजही तितकाच उपयोगी आहे.

कायद्याची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. इस्राएलच्या २००७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कौटुंबिक समारंभाचे फोटो कोणी सांगून काढवून घेतले असतील, तर त्यांचा पहिला हक्क काढविणाऱ्याचा असतो. मात्र करारात निराळे ठरले नसेल तरच. भारताच्या १९५७च्या कायद्यातही मोबदला देऊन काढविलेल्या छायाचित्राबाबत असेच तत्त्व आहे. म्हणजे छापील करारात बारीक अक्षरांत हक्क छायाचित्रकाराकडे गेला आहे की काय, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे, आणि मूळ फाइली किती दिवसांत व कोणत्या स्वरूपात मिळणार हेही लिहून घ्यावे. मिळाल्या की दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्या.

त्यांतील तीस-चाळीस फोटो कागदावर छापून घ्यावे, आणि घरातील वडील माणूस शेजारी बसवून प्रत्येकाच्या पाठीवर नावे घालावी: बाईचे नाव, तिच्या आईचे नाव, माहेरचे आडनाव आणि कोकणातले गाव. जुन्या अल्बमांचेही हेच करावे, आणि ते आधी करावे. लिहिताना मऊ शिशाची पेन्सिल घ्यावी. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. नव्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल चालत नाही, तेथे नावे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती फोटोबरोबर पाकिटात ठेवावी.